पाटीवरचं ‘ए प्लस’ नेमकं कुणाचं?
वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

बारावीचे निकाल लागले की या सदराकडे येणाऱ्या पत्रांत एकच विषय वरचढ असतो. महाविद्यालयाने छापलेल्या शिक्क्यांचा अर्थ काय आणि त्यातला कुठला शिक्का आपल्या मुलाच्या कामाचा? आलेल्या पत्रांतले काही प्रश्न इथे घेतले आहेत. पत्रलेखकांची आणि त्यांनी कळवलेल्या महाविद्यालयांची नावं वगळली आहेत.

प्रश्न : मुलीला इंजिनीअरिंगला घालायचं आहे. एका महाविद्यालयाच्या माहितीपुस्तिकेवर पहिल्याच पानावर चार गोष्टी ठळक छापल्या आहेत : ‘एआयसीटीई मान्यताप्राप्त’, ‘नॅक ए+’, ‘एनबीए मानांकित’ आणि ‘आयएसओ प्रमाणित’. तिला कृत्रिम बुद्धिमत्ता आणि डेटा सायन्स ही शाखा हवी आहे. यातलं काय बघायचं?
— एक पालक, सांगली

एका रांगेत छापल्यामुळे या चारही गोष्टी सारख्याच तोलाच्या वाटतात. तशा त्या नाहीत.

एआयसीटीईची, म्हणजे अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेची, मान्यता ही अभ्यासक्रम चालवायची परवानगी असते. ती नसेल तर पुढचं काही बघायचंच नाही. ती आहे एवढ्यावरून मात्र दर्जाबद्दल काहीच कळत नाही, कारण कॅपमधून (केंद्रीभूत प्रवेश प्रक्रिया) प्रवेश देणाऱ्या प्रत्येक इंजिनीअरिंग महाविद्यालयाकडे ती असतेच. परवानगीचं पत्र महाविद्यालयाच्या संकेतस्थळावर असतं. त्यात तीन गोष्टी तपासा : शैक्षणिक वर्ष, शाखेचं नेमकं नाव आणि मंजूर जागा. नाव अक्षरशः जुळलं पाहिजे. ‘कॉम्प्युटर सायन्स (एआय)’ आणि ‘एआय अँड डेटा सायन्स’ या कागदोपत्री वेगळ्या शाखा आहेत आणि गुणपत्रिकेवर मंजूर झालेलं नावच येतं. यासोबत विद्यापीठाची संलग्नता बघा. तुमच्या भागात ती बहुधा शिवाजी विद्यापीठाची किंवा लोणेरेच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठाची (बाटू) असेल. तंत्रशिक्षण संचालनालयाच्या यादीत त्या शाखेचा संकेतांक आहे का, हेही बघा. हे तिन्ही असेल तर पदवीच्या वैधतेची काळजी मिटली.

नॅक या मूल्यांकन परिषदेची श्रेणी संपूर्ण संस्थेला मिळते. ग्रंथालय, प्राध्यापक, निकाल, विद्यार्थ्यांसाठीच्या सोयी, कारभार या सगळ्यांचा एकत्रित हिशोब त्यात असतो. एखाद्या शाखेची प्रयोगशाळा रिकामी असली तरी संस्थेला ‘ए+’ मिळू शकतो.

एनबीएचं, म्हणजे राष्ट्रीय अधिस्वीकृती मंडळाचं, मानांकन मात्र एकेका अभ्यासक्रमाला मिळतं, आणि पालकांची सर्वाधिक फसगत इथेच होते. पुस्तिकेवर ‘एनबीए मानांकित महाविद्यालय’ असं छापलेलं असतं आणि प्रत्यक्षात मानांकन फक्त मेकॅनिकल आणि सिव्हिलला असतं. त्यामुळे एनबीएचं पत्रच मागा. त्यात अभ्यासक्रमाचं नाव, तो पदवीचा आहे की पदव्युत्तर, आणि मुदत कोणत्या सालच्या ३० जूनपर्यंत आहे, हे स्पष्ट लिहिलेलं असतं. पात्रतेच्या अटी कितपत पूर्ण होतात त्यावर मानांकन तीन किंवा सहा वर्षांसाठी मिळतं. सहा वर्षांचं मिळालं असेल तर तो विभाग भक्कम समजायला हरकत नाही.

तुमच्या मुलीला हवी असलेली शाखा नवी आहे. एनबीएकडे अर्ज करण्याआधी त्या अभ्यासक्रमाच्या किमान दोन तुकड्या उत्तीर्ण होऊन बाहेर पडाव्या लागतात. २०२० मध्ये सुरू झालेल्या शाखेची पहिली तुकडी २०२४ मध्ये बाहेर पडली, दुसरी २०२५ मध्ये. म्हणून नव्या शाखेला मानांकन नसणं हा दोष मानू नका. अशा वेळी प्राध्यापकांची यादी मागा. एआयसीटीईच्या निकषानुसार पदवी इंजिनीअरिंगला २० विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक लागतो. ६० जागांच्या शाखेत चार वर्षांचे मिळून २४० विद्यार्थी, म्हणजे पहिल्या वर्षाचे विषय शिकवणारे धरून १२ पूर्णवेळ शिक्षक हवेत. यादीतली तीच नावं कॉम्प्युटर आणि आयटी विभागाच्या पानांवरही दिसली, तर शिक्षक कागदावर वाटून घेतले आहेत हे उघड आहे. ही तपासणी घरबसल्या अर्ध्या तासात होते आणि शिक्क्यांपेक्षा कितीतरी जास्त सांगून जाते.

आयएसओचं प्रमाणपत्र कार्यपद्धतीबद्दलचं असतं. पदवीशी आणि शिकवण्याच्या दर्जाशी त्याचा संबंध नाही. ते बाजूला ठेवा.

प्रश्न : मी ज्या महाविद्यालयात बी.एस्सी. करतोय त्याचं नॅक मूल्यांकन कधीच झालेलं नाही. मित्र म्हणतात, पुढे स्पर्धा परीक्षेला पदवी चालणार नाही.
— एक विद्यार्थी, जालना

चालेल. पदवी तुमचं महाविद्यालय देत नाही, विद्यापीठ देतं. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) १९५६ च्या कायद्यातलं कलम २२ सांगतं की पदवी देण्याचा अधिकार केंद्राच्या किंवा राज्याच्या कायद्याने स्थापन झालेल्या विद्यापीठांना, अभिमत विद्यापीठांना आणि संसदेने तसा अधिकार दिलेल्या संस्थांनाच आहे. तुमचं महाविद्यालय डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाशी संलग्न असेल आणि तुमच्या विषयाची संलग्नता चालू असेल, तर पदवी वैध आहे.

तपासायचं ते हेच. बी.एस्सी.ची संलग्नता जुनी असते, पण महाविद्यालयाने एखादा नवा विषय ‘प्रस्ताव पाठवला आहे’ म्हणून परवानगीआधीच सुरू केलेला असतो. परीक्षा अर्ज भरायची वेळ आली की विद्यापीठाच्या प्रणालीत तो विषयच दिसत नाही. विद्यापीठाच्या संकेतस्थळावर संलग्न महाविद्यालयांची विषयवार यादी असते, ती बघून घ्या.

नॅक नसल्याचा तोटा वेगळ्या ठिकाणी होतो. महाविद्यालयाला काही निधी मिळत नाहीत आणि स्वायत्ततेसाठी अर्ज करता येत नाही. परदेशी विद्यापीठांत अर्ज करताना तुम्हाला काही ठिकाणी अडचण येऊ शकते. त्याबद्दल पुढे लिहिलं आहे.

प्रश्न : आमच्या गावातल्या महाविद्यालयाच्या कमानीवर ‘नॅक ए श्रेणी’ लिहिलंय. कुणी म्हणतं ती जुनी आहे. खरं-खोटं कसं बघायचं? आणि ‘ए’ म्हणजे नेमकं किती चांगलं?
— एक वाचक, परभणी

नॅक म्हणजे राष्ट्रीय मूल्यांकन व अधिस्वीकृती परिषद. ती १९९४ मध्ये यूजीसीने स्थापन केली, मुख्यालय बंगळुरूला आहे. तिच्या संकेतस्थळावर मूल्यांकन झालेल्या संस्थांची यादी आहे. तिथे महाविद्यालयाचं नाव, गाव, कितवी फेरी, गुण आणि मुदत दिसते. शोधताना संस्थेचं पूर्ण नाव टाका. आपल्याकडे शिक्षण संस्थेचं नाव आधी आणि महाविद्यालयाचं नंतर, असं लांबलचक नाव असतं. तसं सापडलं नाही तर नुसतं गावाचं नाव टाकून पाहा.

श्रेणीची मुदत साधारणपणे पाच वर्षांची असते. सलग फेऱ्यांत सर्वोच्च श्रेणी राखलेल्या संस्थांना सात वर्षं मिळतात. मुदत संपली की श्रेणी संपली. कमान रंगवायला एक दिवस पुरतो, पुसायला मात्र कुणालाच वेळ नसतो, म्हणून जुन्या श्रेणी वर्षानुवर्षं टिकून राहतात. ‘पुनर्मूल्यांकन प्रक्रियेत आहे’ असं उत्तर मिळालं तर अर्ज कधी दाखल केला ते विचारा. तारीख सांगता येत नसेल तर प्रक्रिया सुरू झालेली नाही.

आता गुणांचं. एकूण गुणांक चारपैकी काढतात. ३.५१ पासून वर ए++, ३.२६ ते ३.५० ए+, ३.०१ ते ३.२५ ए, २.७६ ते ३.०० बी++, २.५१ ते २.७५ बी+, २.०१ ते २.५० बी आणि १.५१ ते २.०० सी. त्याखाली डी, म्हणजे अधिस्वीकृती नाही. नुसतं अक्षर पाहू नका, आकडा पाहा. ३.०२ चं ‘ए’ आणि २.९९ चं ‘बी++’ यांच्यात प्रत्यक्षात काही अंतर नाही.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे कुठे किती गुण मिळाले. नॅकचे सात निकष आहेत : अभ्यासक्रम, अध्यापन व मूल्यमापन, संशोधन व विस्तारकार्य, पायाभूत सुविधा, विद्यार्थ्यांना मिळणारी मदत व त्यांची प्रगती, प्रशासन, आणि संस्थात्मक मूल्ये. त्यांचं वजन सारखं नसतं. हजार गुणांत संलग्न महाविद्यालयासाठी एकट्या अध्यापनाला ३५० गुण आहेत. विद्यापीठासाठी तिथे २०० आणि संशोधनाला २५० आहेत. म्हणजे विद्यापीठाच्या ए++ मध्ये संशोधनाचा वाटा मोठा असतो. बी.ए.च्या वर्गात तास नियमित होतात का, याचं उत्तर त्यातून मिळत नाही. संलग्न महाविद्यालयाच्या श्रेणीत ते जास्त उतरतं.

निकषवार गुणपत्रक आणि पाहणी समितीचा अहवाल महाविद्यालयाच्या संकेतस्थळावर, बहुधा ‘आयक्यूएसी’ (महाविद्यालयाचा अंतर्गत गुणवत्ता कक्ष) किंवा ‘नॅक’ या शीर्षकाखाली असतो. तिथे दुसऱ्या आणि पाचव्या निकषाचे गुण बघा. एकूण ३.१० असून पाचव्या निकषात २.२ असेल, तर इमारत छान आहे, पण शिकून बाहेर पडलेली मुलं कुठे जातात याचा हिशोब कच्चा आहे, असा अर्थ काढता येतो. समितीच्या अहवालाच्या शेवटी बलस्थानं आणि उणिवा लिहिलेल्या असतात. भाषा सौम्य असते. ‘पूर्णवेळ शिक्षकांच्या नेमणुका कराव्यात’ एवढं एक वाक्य आलं, तरी ते तासिका तत्त्वावर चाललेल्या विभागांबद्दल आहे हे समजून घ्या.

फेब्रुवारी २०२५ मध्ये सीबीआयने लाच घेऊन चांगली श्रेणी दिल्याच्या आरोपावरून पाहणी समितीतल्या काही जणांना अटक केली होती. त्यावरून सगळ्याच श्रेणी खोट्या ठरत नाहीत. पण श्रेणी हा एकच पुरावा धरून प्रवेश घेऊ नये, एवढं त्यातून नक्की कळतं. नॅकने जानेवारी २०२४ मध्ये जाहीर केलेल्या बदलांनुसार अक्षरी श्रेण्यांऐवजी ‘अधिस्वीकृत’ किंवा ‘अधिस्वीकृत नाही’ असा सरळ निकाल आणि त्यावर एक ते पाच अशा पायऱ्या येणार आहेत. जुन्या श्रेणी त्यांची मुदत संपेपर्यंत दिसत राहतील, म्हणून वरची पद्धत अजून उपयोगी आहे.

प्रश्न : मी नोकरी करतो. म्हापशात एक ‘स्टडी सेंटर’ आहे. दुसऱ्या राज्यातल्या एका खासगी विद्यापीठाचं ऑनलाइन एमबीए ते देतात. म्हणाले, परीक्षाही इथेच होईल, काळजी करू नका. फी निम्मी आहे. घेऊ का?
— एक वाचक, म्हापसा

पैसे भरू नका. आधी पुढच्या गोष्टी तपासा.

दूरस्थ आणि ऑनलाइन अभ्यासक्रमांना यूजीसीच्या दूरशिक्षण विभागाची (डीईबी) मान्यता लागते. ती विद्यापीठाला आणि अभ्यासक्रमाला, दोन्हींना, ठराविक सत्रांसाठी मिळते. विद्यापीठ खरं असलं आणि त्याचं नियमित एमबीए मान्य असलं, तरी ऑनलाइन एमबीएला वेगळी परवानगी हवीच. यूजीसीच्या संकेतस्थळावर सत्रनिहाय यादी आहे. तुम्ही जुलैच्या सत्रात प्रवेश घेत असाल तर जुलैच्याच यादीत त्या अभ्यासक्रमाचं नाव हवं.

दुसरी गोष्ट, खासगी विद्यापीठांना फ्रँचायझी देता येत नाही. प्रवेश घेणं, फी घेणं, परीक्षा घेणं ही कामं विद्यापीठाने स्वतः करायची असतात. गल्लीतल्या केंद्राच्या नावाने पावती फाडली जात असेल तर तिथेच थांबा. फी विद्यापीठाच्या खात्यात, तुमच्या नावाने जमा झाली पाहिजे. ‘परीक्षा इथेच, काळजी करू नका’ हे आश्वासन तर सगळ्यात धोक्याचं आहे. ऑनलाइन अभ्यासक्रमाची परीक्षा विद्यार्थ्याची ओळख पटवून, देखरेखीखालीच व्हावी लागते.

तिसरी गोष्ट, आता दूरस्थ किंवा ऑनलाइन प्रवेशासाठी विद्यार्थ्याला स्वतःचा डीईबी आयडी काढावा लागतो. त्याला आधी अकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्सचं (विद्यार्थ्याने मिळवलेल्या क्रेडिट्सची नोंद ठेवणारं) खातं लागतं. हा आयडी तुम्ही स्वतः, तुमच्या मोबाइल क्रमांकावरून काढा. तो काढताना विद्यापीठ आणि अभ्यासक्रम निवडावा लागतो. यादीत तुमचं विद्यापीठ दिसलं नाही, तर त्याला परवानगी नाही असा सरळ अर्थ आहे. ‘आयडी आम्ही काढून देतो’ म्हणणाऱ्याला ओटीपी देऊ नका.

इंजिनीअरिंग, वैद्यक, नर्सिंग, फार्मसी, वास्तुशास्त्र, कायदा, कृषी आणि हॉटेल मॅनेजमेंट हे विषय दूरस्थ किंवा ऑनलाइन पद्धतीने देताच येत नाहीत. तुमच्या प्रश्नात एमबीए आहे म्हणून ठीक, पण त्याच केंद्रात ‘डिप्लोमावाल्यांसाठी रविवारची बी.टेक.’ असा फलक असेल तर त्या केंद्राची लायकी कळली. ३ नोव्हेंबर २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने काही अभिमत विद्यापीठांच्या दूरस्थ इंजिनीअरिंग पदव्यांबद्दल निकाल दिला. त्यामुळे नोकरीत स्थिरावलेल्या लोकांच्या पदव्या अडचणीत आल्या आणि अनेकांना पुन्हा परीक्षा देण्याची वेळ आली.

याच केंद्राने ‘ऑनलाइन नको, नियमित पदवी देतो’ असा पर्याय पुढे केला तर तोही नाकारा. राज्याच्या कायद्याने झालेल्या खासगी विद्यापीठाला महाविद्यालयं संलग्न करून घेता येत नाहीत आणि दुसऱ्या राज्यात केंद्रंही उघडता येत नाहीत. छत्तीसगडमध्ये एकाच कायद्याखाली धडाधड निघालेली खासगी विद्यापीठं सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये रद्द केली, तेव्हाच हे स्पष्ट झालं होतं.

फी कमी हवी असेल तर इग्नू आहे. सरकारी मुक्त विद्यापीठात प्रवेश थेट पोर्टलवरून घेता येतो, मध्यस्थ लागत नाही.

प्रश्न : मुलगा डी.फार्म. करणार आहे. नव्या महाविद्यालयात जागा मिळतेय. ‘पीसीआयची परवानगी येणारच आहे, प्रवेश घेऊन ठेवा’ असं सांगतात.
— एक पालक, अमरावती

येणार असलेल्या परवानगीवर प्रवेश घेऊ नका. फार्मसीत नॅक-एनबीएपेक्षा फार्मसी कौन्सिल ऑफ इंडियाची (पीसीआय) मान्यता निर्णायक असते. १९४८ च्या फार्मसी कायद्याच्या कलम १२ खाली अभ्यासक्रम मान्य नसेल तर राज्य फार्मसी कौन्सिलमध्ये नोंदणी होत नाही. नोंदणी नाही तर औषध दुकानाचा परवाना नाही. परीक्षा तंत्रशिक्षण मंडळाने घेतली, गुणपत्रिका दिली, तरीही नोंदणीच्या दारात अडकायला होतं. दोन वर्षं आणि फी, दोन्ही वाया.

पत्रात शब्द नीट वाचा. नव्या महाविद्यालयाला आधी अभ्यासक्रम चालवायची परवानगी मिळते, ती त्या-त्या वर्षापुरती असते. कलम १२ ची मान्यता नंतर मिळते. पहिल्या तुकडीच्या मुलांना नोंदणीच्या वेळी ही दुसरी गोष्ट लागते, म्हणून नव्या महाविद्यालयाच्या पहिल्या तुकडीत जाताना धोका जास्त. पर्याय असेल तर किमान दोन-तीन तुकड्या नोंदणीकृत झालेलं महाविद्यालय घ्या.

हाच नियम नर्सिंगला, वास्तुशास्त्राला, कायद्याला, बी.एड.ला आणि आयुर्वेदाला लागू आहे. प्रत्येकाची परिषद वेगळी : इंडियन नर्सिंग कौन्सिल, कौन्सिल ऑफ आर्किटेक्चर, बार कौन्सिल, एनसीटीई आणि भारतीय चिकित्सा पद्धतींसाठीचा राष्ट्रीय आयोग. जिथे शिक्षणानंतर सनद किंवा नोंदणी लागते, तिथे आधी परिषदेची यादी उघडायची.

प्रश्न : पुण्यातून तीन वर्षांची बी.एस्सी. झाली आहे, अमेरिकेत एम.एस. करायचं आहे. नॅकची श्रेणी तिथे बघतात का? एका एजंटने लहानशा अमेरिकी विद्यापीठाचं नाव सुचवलंय, ‘व्हिसाचा आय-२० देतात म्हणजे मान्यताप्राप्तच’ असं तो म्हणतो.
— एक विद्यार्थिनी, पुणे

दोन वेगळे प्रश्न आहेत.

तुमच्या पदवीबद्दल : अमेरिकेची पदवी चार वर्षांची, आपली तीन. काही विद्यापीठं तीन वर्षांची पदवी थेट स्वीकारतात, काही मूल्यमापन अहवाल मागतात. डब्ल्यूईएस या मूल्यमापन संस्थेचं धोरण असं आहे की तीन वर्षांची भारतीय पदवी प्रथम किंवा द्वितीय वर्गात असेल आणि संस्थेला नॅकची ए किंवा त्यावरची श्रेणी असेल, तर ती अमेरिकी पदवीच्या तोडीची धरली जाऊ शकते. त्यामुळे पदवी देणारं विद्यापीठ आणि तुमचं महाविद्यालय या दोघांच्या नॅक प्रमाणपत्रांच्या प्रती जमवा. तुमच्या शिक्षणाच्या काळात मुदत चालू होती का, ते पाहा. पैसे भरण्याआधी प्रवेश विभागाला ई-मेल करून विचारा : तीन वर्षांची पदवी चालते का, अहवाल लागतो का आणि कोणत्या संस्थेचा. ट्रान्सक्रिप्टला (सर्व वर्षांच्या गुणांचा विद्यापीठाचा अधिकृत उतारा) वेळ लागतो, तो अर्ज आजच करा. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार आता चौथ्या वर्षाचा ऑनर्सचा पर्याय आहे. ज्यांची पदवी अजून सुरू आहे त्यांनी परदेशाचा विचार असेल तर तो डोळ्यांसमोर ठेवावा.

इंजिनीअरिंगवाल्यांसाठी एक जोड. भारताची एनबीए १३ जून २०१४ पासून वॉशिंग्टन कराराची स्थायी सदस्य आहे. पण कराराचा लाभ फक्त ‘टियर १’ मधून मानांकित झालेल्या अभ्यासक्रमांना आहे, म्हणजे विद्यापीठांचे विभाग आणि स्वायत्त संस्था. संलग्न महाविद्यालयांचं मानांकन ‘टियर २’ मध्ये येतं, त्याला हा लाभ नाही. माहितीपुस्तिकेत दोन्हीला ‘एनबीए’च छापतात.

आता एजंटबद्दल : त्याचं म्हणणं चूक आहे. आय-२० (विद्यार्थी व्हिसासाठी लागणारा कागद) देण्यासाठी अमेरिकेच्या गृहसुरक्षा खात्याची परवानगी लागते. अधिस्वीकृती वेगळी. तिथे सरकार स्वतः मूल्यांकन करत नाही, खासगी संस्था करतात आणि त्या संस्थांना अमेरिकेचं शिक्षण खातं मान्यता देतं. मूल्यांकन करणाऱ्या संस्थेचीच मान्यता गेली तर तिच्या महाविद्यालयांची पंचाईत होते. ऑगस्ट २०२२ मध्ये एसीआयसीएस या संस्थेची मान्यता शिक्षण खात्याने काढली आणि तिच्यावर अवलंबून असलेल्या महाविद्यालयांतल्या परदेशी विद्यार्थ्यांना फटका बसला. स्टेम (विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी, गणित) विषयांच्या पदवीनंतर मिळणारी २४ महिन्यांची जादा कामाची परवानगी मान्यताप्राप्त संस्थेने अधिस्वीकृत केलेल्या विद्यापीठाच्या पदवीवरच मिळते. अमेरिकेच्या शिक्षण खात्याच्या संकेतस्थळावर अधिस्वीकृत संस्थांची शोधयादी आहे. त्यात विद्यापीठाचं नाव, शहर आणि मूल्यांकन करणारी संस्था बघा. नाव जवळपास सारखं पण शहर वेगळं, असं निघालं तर तो प्रवेश सोडून द्या.

प्रश्न : मी आयक्यूएसीचं काम बघतो. नॅकच्या गेल्या फेरीत आम्ही स्वयं-अध्ययन अहवालात (महाविद्यालयाने स्वतःबद्दल नॅकला दिलेला अहवाल) जे गुण धरले होते त्यातले बरेच माहिती-पडताळणीत कापले गेले. कामं तर खरोखर झाली होती. चुकलं कुठे?
— एक प्राध्यापक, धाराशिव

काम झालेलं असतं, पुरावा जुळत नसतो. सुमारे ७० टक्के बाबी आकड्यांच्या असतात आणि त्या पडताळणीतूनच जातात. गुण बहुतेक याच ठिकाणी गळतात.

विद्यार्थिसंख्येपासून सुरुवात करा. अहवालात एक आकडा, विद्यापीठाला पाठवलेल्या यादीत दुसरा आणि उच्च शिक्षण सर्वेक्षणात तिसरा असतो. कारण साधं आहे : एकाने ऑगस्टमधला आकडा घेतला, दुसऱ्याने प्रवेश रद्द झाल्यानंतरचा. कोणत्या तारखेची संख्या धरायची हे ठरवून सर्व विभागांना लेखी कळवा. हा आकडा अनेक गुणोत्तरांच्या छेदस्थानी असतो, म्हणून एक चूक दहा ठिकाणी पसरते.

तासिका तत्त्वावरचे शिक्षक पूर्णवेळ म्हणून धरले जातात आणि नेमणूक आदेश मागितला की आकडा कोसळतो. शैक्षणिक वर्षाच्या जागी आर्थिक वर्षाचे खर्च लावले जातात. सामंजस्य करार दाखवले जातात, पण त्याखाली झालेल्या उपक्रमांचे वर्षवार कागद नसतात. असा करार मोजला जात नाही. एकच वृक्षारोपण विस्तारकार्यात आणि पर्यावरणातही दाखवलं तर एका ठिकाणचं जातं. मराठीतल्या इतिवृत्तांचं आणि अहवालांचं इंग्रजी भाषांतर प्राचार्यांच्या सहीशिक्क्यानिशी जोडा. तारीख नसलेला फोटो पुरावा म्हणून टिकत नाही.

विद्यार्थी समाधान सर्वेक्षणाकडे हमखास दुर्लक्ष होतं. नॅक थेट विद्यार्थ्यांना ई-मेल पाठवते आणि महाविद्यालयाच्या बाबतीत १० टक्के किंवा १०० विद्यार्थी, यातली जी संख्या कमी असेल तितके प्रतिसाद यावे लागतात. प्रवेशाच्या वेळी सायबर कॅफेवाल्याने स्वतःचाच ई-मेल चाळीस मुलांच्या अर्जांत टाकलेला असतो, तो पत्ता यादीत जातो आणि प्रतिसाद येत नाही. सर्वेक्षणाआधी महिनाभर प्रत्येक वर्गात जाऊन पत्ते तपासून घ्या. उत्तरं काय द्यायची हे मुलांना सांगू नका. ते गैर आहे, आणि प्रश्नावली नॅककडून थेट जात असल्यामुळे त्यावर तुमचा ताबाही नसतो.

शेवटच्या वर्षाच्या मुलांचा माग मार्चमध्येच ठेवायला लागा. निकालानंतर फोन लागत नाहीत. पुढच्या प्रवेशाची पावती किंवा नेमणुकीचं पत्र मुलांनी स्वतः अपलोड करावं म्हणून साधा फॉर्म ठेवा आणि दाखला देताना तो भरून घ्या. वार्षिक गुणवत्ता अहवाल दर वर्षी वेळेवर गेला, तर पाचव्या वर्षी रात्रंदिवस बसून कागद शोधावे लागत नाहीत. बाकी सगळं जुळवता येतं, हरवलेली पत्रं पुन्हा मिळवता येत नाहीत.

प्रश्न : एनआयआरएफमध्ये (संस्थांची राष्ट्रीय क्रमवारी) नाव नसलं तर महाविद्यालय कमी दर्जाचं का?
— एक वाचक, चिपळूण

नाही. ती क्रमवारी आहे, अधिस्वीकृती नव्हे. २०१६ पासून ती दरवर्षी जाहीर होते आणि ज्या संस्था स्वतः माहिती पाठवतात त्यांचाच विचार होतो. लहान महाविद्यालयं अनेकदा भागच घेत नाहीत. मात्र तिथे भरलेली माहिती संस्थेला स्वतःच्या संकेतस्थळावर ठेवावी लागते. त्यात किती मुलांना नोकरी लागली आणि मधला पगार किती, हे आकडे असतात. ‘सर्वोच्च पॅकेज’च्या जाहिरातीशी ते ताडून पाहा.

प्रश्न : मान्यता नसलेल्या संस्थेत भावाने प्रवेश घेतलाय. आता काय करायचं?
— एक वाचक, नागपूर

आधी यूजीसीच्या बनावट विद्यापीठांच्या यादीत नाव आहे का पाहा. ही यादी राज्यवार असते. महाराष्ट्रातलं नागपूरच्या राजा अरेबिक युनिव्हर्सिटीचं नाव त्यात अनेक वर्षं आहे. यादीत नाव नाही म्हणजे संस्था खरी असं मात्र नाही. मान्य विद्यापीठांच्या यादीत ती सापडली पाहिजे.

मग कागद गोळा करा : पावत्या, माहितीपुस्तिका, जाहिरातीचा फोटो, व्हॉट्सअॅपवरचे संदेश. मान्यतेबद्दल संस्थेला ई-मेलने लेखी विचारा आणि उत्तरासाठी आठ दिवस द्या. तोंडी बोलणं पुढे उपयोगी पडत नाही. भावाची मूळ कागदपत्रं त्यांच्याकडे असतील तर ती आधी परत मागा. फीसाठी मूळ प्रमाणपत्रं अडकवून ठेवणं यूजीसीच्या नियमांत बसत नाही. तक्रार यूजीसीच्या ई-समाधान पोर्टलवर करा. तांत्रिक अभ्यासक्रम असेल तर एआयसीटीईकडे आणि तंत्रशिक्षणाच्या नागपूर विभागीय कार्यालयातही द्या. फसवणूक उघड असेल तर पोलीस ठाण्यात लेखी तक्रार करून पोच घ्या. अशी बरीच मुलं एकाच वर्गात सापडतात, म्हणून सगळ्यांनी मिळून एकच सविस्तर तक्रार द्यावी आणि प्रत्येकाची पावती तिला जोडावी. या काळात पुढचा हप्ता भरू नये.